शून्याच्या खालचा ठिपका

शनिवारची दुपार होती, ऑफिसात दोनच माणसं होती, आणि दोघांनाही घरी जायची घाई होती.

काम तसं साधं होतं. अॅम्ब्युलन्स बोलवायची नवी सिस्टीम सोमवारपासून चालू व्हायची होती. सगळ्या शहराने एकदम फोन केला तर ती टिकते का कोसळते, हे आधी बघायचं. आता फोन करायला अख्खं शहर कुठून आणणार? म्हणून खोटं आणायचं. एक मशीन दुसऱ्या मशीनला खोटे कॉल करत सुटतं, वाचवा, गाडी पाठवा, लवकर या. दुसरं मशीन खोट्या गाड्या पाठवतं. कोणी मरत नाही, कोणी वाचत नाही, आणि शेवटी एक ग्राफ निघतो.

तो ग्राफ वाचायचं काम जिचं, तिला ऑफिसात सगळे शेपटी म्हणायचे. नाव तिनेच ओढवून घेतलं होतं. ग्राफमधला एकेक ठिपका म्हणजे एकेक फोन करणारा. जितका वेळ त्याला थांबावं लागलं, तितका त्याचा ठिपका वर. बहुतेक ठिपके तळाशी दाटीवाटीने बसलेले असतात, त्यांना उत्तर पटकन मिळालेलं असतं. मोजकेच पार वर लटकलेले दिसतात. ती शेपटी. मॅनेजरला फक्त सरासरी लागायची, आणि सरासरीत शेपटी दिसत नाही. तेव्हा एका मीटिंगमधे ही शांतपणे म्हणाली होती, "साहेब, त्या वरच्या ठिपक्यातला माणूस फोन कानाला लावून बसलाय, आणि त्याच्या घरात कोणीतरी जमिनीवर पडलंय." त्या दिवशी बिस्किटांना कोणी हात लावला नाही. नाव मात्र चिकटलं.

दुसरा होता टोप्या. सिस्टीम त्याने लिहिलेली. एसीचा झोत नेमका त्याच्या डोक्यावर यायचा, म्हणून तो बारा महिने लोकरीची टोपी घालून बसायचा आणि जागा बदलून मागायचा नाही. भिडस्त होता बिचारा.

खोट्या लोकांची नावं-पत्ते मशीन आपोआप बनवतं. पहिले थोडेसे मात्र हाताने भरावे लागतात, आणि तिथे या धंद्यातला प्रत्येक जण आपली माणसं घुसवतो. शेपटीनेही घुसवली होती. मॅनेजरला आजवर इतक्या वेळा कुत्रं चावलं होतं की कुत्र्याचीच काळजी वाटावी. टोप्या दर टेस्टला जिन्यावरून गडगडायचा. आणि मामाच्या छातीत दुखायचं.

मामाला त्यात ओढायचं कारण एवढंच, की त्याचा पत्ता तिला तोंडपाठ होता. त्याच पत्त्यावर ती वाढली होती. आई गेली तेव्हा मामा तिला एका बॅगेसकट घरी घेऊन आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आला की ग्रीसचे हात धुऊन तिच्या वेण्या घालायचा, आणि त्या वेण्या लिफ्टच्या दोरखंडासारख्या घट्ट बसायच्या. तिला वाढवता वाढवता त्याचं लग्न राहूनच गेलं. आता तो रिटायर झाला होता, एकटा राहत होता, आणि जगात आपलं म्हणावं असं तिला तेवढंच एक माणूस होतं.

त्या सकाळी फोनवर तो म्हणाला होता, "जरा जळजळतंय छातीत. काल उशिरा जेवलो."

"डॉक्टरकडे जा की मग."

"डॉक्टरकडे गेलं की माणूस आजारी पडतो," मामा म्हणाला, आणि विषय संपला होता.

तर दुपारी पहिली टेस्ट झाली. पडद्यावर ऊन येत होतं म्हणून टोप्याने सगळे पडदे ओढले, आणि ती मोठी खोली विहिरीसारखी गार आणि काळसर झाली. पंख्यांची घरघर, कार्पेटचा धुळकट वास, आणि मधोमध तो उजळ ग्राफ. छान होता. ठिपके तळाशी शहाण्यासारखे बसले होते, गर्दी वाढली तसे थोडे चढले आणि थांबले.

एक ठिपका सोडून. तो खाली होता. शून्याच्या रेषेच्याही खाली.

"हे काय रे?" शेपटी म्हणाली.

"सॉरी, स्केल मोकळी राहिली," टोप्या म्हणाला. "एरवी आपण शून्याच्या खालचं कापूनच टाकतो. तिथे काही नसतंच ना."

नसतंच. कारण शून्याच्या खाली असणं म्हणजे आधी उत्तर आणि मग प्रश्न. माणसाने फोन उचलायच्या आधीच गाडी निघालेली.

"दोन मशीनची घड्याळं मागेपुढे असतील," टोप्या म्हणाला. हे खरंच होतं, असं होतं कधीकधी. त्याने दोन्ही घड्याळं जुळवली. पुन्हा टेस्ट लावली.

ठिपका होताच. फक्त थोडा वर आला होता, शून्याच्या जवळ.

"घड्याळाची चूक असती तर गेला असता," शेपटी म्हणाली. "निदान जागचा हलला नसता. पुन्हा लाव."

पुन्हा लावली. ठिपका अजून वर आला. बुडी मारलेला माणूस संथपणे वर यावा, तसा.

तिने त्यावर क्लिक केलं. कोणाचा कॉल ते उघडलं. पत्ता मामाचा होता. तक्रार, छातीत दुखतंय. इथवर सगळं तिनेच भरलेलं. त्याखाली सिस्टीमचं उत्तर होतं. इतर सगळ्यांना एकच उत्तर जायचं, गाडी निघाली आहे. इथे लिहिलं होतं:

गाडी पोचली आहे. थांबलो आहोत.

"विनोद चांगलाय," शेपटी म्हणाली.

टोप्याने टोपी काढली. त्याला टोपीशिवाय तिने पहिल्यांदाच बघितलं. "आईशप्पथ सांगतो," तो म्हणाला, "हे वाक्य मी लिहिलेलं नाही. सिस्टीममधे हे वाक्यच नाहीये..."

पंखे घरघरत राहिले. शेपटीने तीन टेस्टचे तीन ग्राफ शेजारी शेजारी लावले आणि ती नुसती बघत राहिली. ग्राफ बघणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. चढणारा ठिपका कुठे जाऊन टेकणार हे सांगायचेच तिला पैसे मिळायचे. तिने टेबलावरची पट्टी उचलली, पडद्याला लावली, तिन्ही ठिपक्यांवरून नेली. एका रेषेत होते. रेषा पुढे सरकवली. ती शून्याला टेकत होती ती आजच, संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला.

"हा ठिपका मागचं काही सांगत नाहीये टोप्या," ती हळूच म्हणाली. "हा सांगतोय किती वेळ उरलाय."

"कशाला?"

तिने मामाला फोन लावला.

"मामा, बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" मामा म्हणाला. मागे टीव्हीवर मॅच चालू होती. "पण बरं झालं केलास फोन. त्या माणसांचं काय करायचं ते सांग आता."

"कुठल्या माणसांचं?"

"अगं तूच पाठवलीस ना? अॅम्ब्युलन्सवाली. सकाळी आली दोघं. मी म्हटलं, चुकलात, इथे कोणी आजारी नाही. तर म्हणाले, बरं. आणि बसले."

"बसले म्हणजे?"

"बसले म्हणजे बसले, सोफ्यावर. चहा विचारला, नको. पाणी विचारलं, नको. सकाळपासून माझ्याबरोबर मॅच बघतायत, एक शब्द नाही. आउट झाला तरी हूं नाही की चूं नाही. पण माणसं सभ्य आहेत हं. पाय पुसून आत आलीत."

नवी सिस्टीम कुठल्याही खऱ्या गाडीला जोडलेली नव्हती. ती सकाळी चालूसुद्धा केलेली नव्हती.

"त्यातल्या एकाला फोन दे."

थोडी खुसफुस झाली. मॅचचा आवाज बारीक झाला. मग एक आवाज आला, साधा, थोडा दमलेला, रांगेत पुढचं माणूस बोलावं तसा.

"बोला ताई."

"तुम्ही कोणाच्या कॉलवर आलात?"

"या घरच्या."

"पण तिथून कोणी कॉल केलेलाच नाही."

"हो ना..." तो म्हणाला. "कॉल यायचाय अजून."

"मग तुम्ही..."

"आम्ही थांबतो. तुम्ही या सावकाश." तो क्षणभर घुटमळला. "म्हणजे... फार सावकाश नको."

शेपटी टॅक्सीत बसली तेव्हा टोप्याशी फोन चालूच ठेवला होता. पलीकडे टोप्या एकामागून एक टेस्ट लावत होता आणि सांगत होता. वर आला. अजून वर आला. सिग्नलला टॅक्सी थांबली की तिला वाटे, आपणही एक ठिपका आहोत, आणि कुणीतरी आपल्याकडे बघून म्हणत असेल, हिला फार वेळ लागतोय.

मामाच्या बिल्डिंगच्या फाटकाशी गाडी उभी होती. पांढरी, स्वच्छ, वर दिवा. सकाळी आली म्हणाला होता मामा. पण तिच्या टपावर वाळलेल्या पानांचा थर होता, आणि पुढच्या चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. मोठं, जुनं, धूळ धरलेलं जाळं. शेपटी त्याच्याकडे दोन श्वास बघत राहिली आणि जिना चढली.

दार उघडंच होतं. आत नव्या फ्रिजचं दार पहिल्यांदा उघडल्यावर येतो तसला वास होता. सोफ्यावर दोन माणसं, हात गुडघ्यांवर, पाठी ताठ. वय सांगता आलं नसतं. चेहरे कुठेतरी बघितलेले वाटत होते, पण ते सगळ्यांचेच वाटतात. त्यांच्यामधे स्ट्रेचर घडी घालून ठेवलेलं. आणि समोर मामा, बनियनवर, हातात रिमोट.

"आलीस? बघ हे पाहुणे," मामा म्हणाला. "आता तूच उठव यांना. मला संकोच वाटतो."

"मामा, तू खाली बस आधी."

"बसतो गं. चहा टाकतो तुला. तुला तरी हवाय ना, का तूही नकोच?"

"मामा, बस म्हणते ना!"

कानातल्या फोनमधे टोप्या कुजबुजला, "टेकतोय... टेकतोय बघ..."

आणि ती दोन्ही माणसं उठली. घाई नाही, आवाज नाही. एक मामाच्या डावीकडे जाऊन उभा राहिला. दुसऱ्याने गुडघा टेकला आणि दोन्ही हात पुढे धरले, रिकामे, हवेत, जमिनीपासून जरा वर. अगदी निगुतीने, ओंजळीत मोती झेलायचा असावा तसे. शेपटीला कळेना हा काय धरतोय. तिथे काहीच नव्हतं.

मामा म्हणाला, "अहो, हे काय चाललंय तुम..." आणि त्याचे पाय गेले.

तो बरोब्बर त्या हातांत पडला. डोकं तळहातांत, पाठ दुसऱ्याच्या दंडावर. पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. इतकं हळुवार कोणी झेलल्याचं शेपटीने आजवर बघितलं नव्हतं. भीती तिला नंतर वाटली. त्या क्षणी फक्त तोंड उघडं राहिलं, एखाद्या प्रचंड मोठ्या गोष्टीच्या पायथ्याशी आपण उभे आहोत आणि वर बघितलं तर मान मोडेल, असं काहीतरी वाटलं.

"ताई," गुडघ्यावरचा माणूस म्हणाला. "आता करा कॉल."

तिने टोप्याचा फोन तोडून नंबर दाबला. जुनी सिस्टीम, जी अजून चालू होती. बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला, आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा. मग बासरीची धून. ती धून ऐकत ती जिना उतरली, त्या दोघांच्या मागे. ती धून ऐकत गाडीत बसली. जाळं कधी तुटलं ते कळलंही नाही. या वेळी वाटेतले सगळे दिवे नेमके हिरवे होते, आणि मामा तोंडावरच्या मास्कमधून म्हणत होता, "रिमोट... हातातच राहिला गं."

हॉस्पिटलात मामाला आत नेलं, नळ्या लावल्या, औषध गेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या वेगळाच चेहरा घेऊन.

"यांना कधी त्रास सुरू झाला म्हणालात?"

शेपटीने सांगितलं.

"शक्य नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे... झालं असेल. पण आम्ही नेहमी नुकसान झाल्यावर पेशंट बघतो. किती कमी, किती जास्त, एवढाच प्रश्न. यांचं काही नुकसानच नाहीये. अॅटॅक येतच होता, आणि त्याच्या आधी हे इथे येऊन पोचले होते. पंधरा वर्षांत मी असं बघितलेलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाचले ते. घरी जातील."

शेपटी भिंतीला टेकली. तेव्हा तिला जाणवलं की हातातल्या फोनमधे अजून बासरी वाजतेय. इतक्यात ती थांबली आणि एक खराखुरा माणूस बोलला, "नमस्कार, बोला, काय मदत हवीय?"

"झाली," शेपटी म्हणाली. "झाली मदत." आणि पहिल्यांदा रडली.

रडून झाल्यावर तिने टोप्याला फोन लावला.

"मामा वाचला."

"माहितीये," टोप्या म्हणाला. त्याचा आवाज कसातरीच होता. "ठिपका शून्यावर आला आणि थांबला. अगदी रेषेवर. कॉल आणि उत्तर एकाच क्षणी... मी इतका सुंदर ठिपका बघितला नाही गं कधी."

"त्या दोघांना धन्यवादसुद्धा म्हणता आलं नाही मला." ती कॉरिडॉरमधून खिडकीकडे चालत होती. आणि चालता चालता तिच्या डोक्यात धंद्याचा किडा वळवळला. "टोप्या, स्केल खाली कुठवर मोकळी आहे?"

"मामाच्या ठिपक्याच्या जरा खालपर्यंत. का?"

"अजून खाली ने."

"किती?"

"जाईल तितकी."

माउसचा आवाज आला. टक. टक. टक. मग घाईघाईने अजून टकटक.

"टोप्या?"

"सगळे आहेत इथे," टोप्या म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे. हजारोंनी. मशीनने बनवलेले सगळे पत्ते... मी उघडून बघितले दोन-चार... अगं, हे पत्ते खरे आहेत. माझ्या शेजाऱ्यांचा आहे. शाळेचा आहे. मी आहे, मॅनेजर आहेत. पसरलेले नाहीत. एका ओळीत आहेत, आखल्यासारखे. एकाच क्षणी उत्तर गेलंय सगळ्यांना. सगळ्यांना तेच, पोचलो आहोत, थांबलो आहोत..."

शेपटी काही बोलणार, तेवढ्यात मधेच मॅनेजरचा फोन शिरला. सवयीने तिने घेतला.

"अगं, रिपोर्ट आपोआप आलाय मला," मॅनेजर खुशीत होता. "सरासरीच्या आधी वजाचं चिन्ह दिसतंय. ही काय छपाईची चूक?"

"नाही साहेब."

"म्हणजे आपण लोकांनी बोलवायच्या आधीच पोचतोय? वा! हे जाहिरातीत टाकता येईल!"

"टाका साहेब," शेपटी म्हणाली आणि त्याला बंद केलं. "टोप्या. ती ओळ... हलतेय?"

"वर येतेय," टोप्या म्हणाला. "मामाच्यासारखी संथ नाही. भराभर येतेय."

ती खिडकीशी पोचली होती. बाहेर दिवे लागत होते. खाली हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. एकीमागे एक, बंपरला बंपर, वळणापर्यंत आणि वळणाच्या पलीकडे. शेजारच्या गल्लीत होत्या. पुलावर होत्या. समोरच्या घराघरांच्या दाराशी एकेक होती, आणि सगळ्यांच्या टपांवर वाळकी पानं. लोक ऑफिसातून, बाजारातून घरी परतत होते, गाड्यांना वळसा घालून जात होते, मुलांना हात धरून सांभाळून नेत होते. वर कोणी बघत नव्हतं. प्रत्येक गाडीत पुढे दोन माणसं, ताठ, हात गुडघ्यांवर.

शेजारच्या खोलीच्या उघड्या दारातून मामाचा क्षीण आवाज आला. "काय बघतेयस गं खिडकीतून?"

"काही नाही रे मामा," शेपटी म्हणाली. "पार्किंग."

"टेकतेय..." फोनमधे टोप्या म्हणाला.

आणि खाली, पार वळणापर्यंत, सगळ्या गाड्यांची मागची दारं एकदम उघडली. आवाज अजिबात झाला नाही.